ताप उतरला म्हणजे डेंग्यू संपला नाही

मंडळी, डेंग्यूचा पेशंट वॉर्डात आला की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डॉक्टर, पेशी किती?’ मग ते खानापूरचे असोत, निपाणीचे असोत की शहापूर-वडगावच्या विणकर गल्लीतले. प्लेटलेटचा आकडा संध्याकाळपर्यंत सगळ्या पाव्हण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पोचलेला असतो. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट असतं, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के ते; काही लॅबवाले त्याला पीसीव्ही म्हणतात. त्याची चौकशी कुणी करत नाही. मला आज त्याविषयीच बोलायचं आहे.

सुरुवात आपल्या ओळखीची. एकाएकी सणकून ताप, डोळ्यांच्या मागं ठणका, अंग मोडून येणं, मळमळ, अन्नावरची वासना जाणं. रक्तात आधी उतरतात त्या पांढऱ्या पेशी. प्लेटलेट बहुधा त्यानंतर. एनएस१ ही डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी रक्ततपासणी पहिल्या पाच दिवसांत करावी, पुढं आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरानं तयार केलेल्या प्रतिपिंडांची. सहाव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आली म्हणून ‘डेंग्यू नाही’ असं धरून चालू नका.

आता खरी गोम. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरचे म्हणतात, ‘बरं वाटतंय, सोडा आता.’ आणि नेमक्या याच वेळी काही पेशंटांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट चढतं. बाईचं ३६ असलेलं हिमॅटोक्रिट ४४ वर गेलं, तर वाढ २० टक्क्यांच्या वर झाली. झिरपलेलं पाणी छातीत, पोटात साठतं. सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड दिसते. पोटदुखी तर अशी, की अपेंडिक्सची शंका यावी.

अशा पेशंटचं ब्लडप्रेशर १०० वर ८५ असतं. वरचा आकडा ऐकून घरचे निर्धास्त होतात. दोन्हींतलं अंतर २० किंवा त्याखाली आलं की आम्ही धावपळ करतो. पेशंट मात्र शुद्धीवर असतो, चहा मागतो; हातपाय तेवढे गार पडलेले. सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा किंवा गुंगी, लघवी कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर पेशींचा आकडा चांगला असला तरी थांबू नका.

प्लेटलेट ४० हजारांवर आल्या की पिशवीसाठी रक्तपेढीकडं पळापळ सुरू होते. रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या देत नाहीत. पपईच्या पानांचा रस पाजून आधीच ओकणाऱ्या माणसाला आणखी ओकायला लावू नये, असं माझं मत. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर मुळीच नको; तापाला पॅरासिटामॉल, तेही मापात.

हे झिरपणं २४ ते ४८ तासांत थांबतं आणि बाहेर गेलेलं पाणी रक्तात परत येतं. तेव्हाही सलाईन जोरात चालू ठेवलं तर दम लागतो. हिमॅटोक्रिट खाली येतं ते हे पाणी परत आल्यामुळं. पण नाडी धावत असेल आणि ते घसरत असेल, तर आत कुठं रक्त जातंय का ते बघावं लागतं.

२०२४ च्या सप्टेंबरात कर्नाटक सरकारनं डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं. आपल्याकडं हाच गणपतीचा हंगाम, त्यामुळं ‘आरतीपुरतं सोडा’ म्हणणारे हमखास भेटतात. औषधाशिवाय दोन दिवस ताप नाही, पेशी चढत्या, सलाईनविना हिमॅटोक्रिट स्थिर आणि पोटात अन्न टिकतंय, एवढं जमलं की मी स्वतःहून सोडतो.