घाबरणारा माणूस खरा हवा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात नाट्यविभागातर्फे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

यंदाच्या नाट्यसंध्येला तीन एकांकिका आहेत आणि तिन्हींत भूत आहे, ही बातमी एव्हाना सगळीकडे पोचली आहे. समितीच्या बैठकीत काही ज्येष्ठांनी विचारलं, "सणासुदीच्या दिवसांत भुतं कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि मला तो मनापासून घ्यायचा आहे. हसवता हसवता घाबरवणारी छोटी नाटकं माणसांना इतकी का आवडतात आणि ती रंगतात कशाने, याबद्दल आज बोलतो.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगता येईल. भूत कसंही असलं तरी चालतं, पण त्याला घाबरणारा माणूस खरा घाबरलेला हवा. तो खरा घाबरला की आपल्याला भीतीही वाटते आणि हसूही येतं. तो खोटं घाबरला की दोन्ही जातात.

याचा एक चांगला पुरावा इथेच, लंडनमध्ये आहे. रीजंट स्ट्रीटवर आज वेस्टमिन्स्टर विद्यापीठाची इमारत आहे तिथे पूर्वी रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशन होती. 24 डिसेंबर 1862 रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या संध्याकाळी, जॉन हेन्री पेपर यांनी तिथे रंगमंचावर भूत दाखवलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स नावाच्या अभियंत्याची. मंचाच्या पुढे एक मोठी काच तिरकी लावायची आणि प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खालच्या जागेत एका नटाला प्रखर उजेडात उभं करायचं. त्याचं प्रतिबिंब काचेत उमटायचं आणि लोकांना वाटायचं, मंचावर आरपार दिसणारी आकृती चालते आहे. आता यातली गंमत बघा. मंचावरच्या नटाला ते भूत दिसतच नसे. ते प्रेक्षकांच्या बाजूनेच दिसायचं. त्या नटाला समोरच्या रिकाम्या हवेकडे बघून थरथरायचं होतं, तालमीत ठरवलेल्या जागी नजर ठेवून. लोकांनी काचेचं कौतुक केलं, पण भूत भूत वाटलं ते त्या माणसाच्या नजरेमुळे, असं मला नेहमी वाटतं.

त्याच्याही आधी, 1794 साली, ड्रुरी लेनच्या रंगमंचावर जॉन फिलिप केंबल यांनी शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' केलं तेव्हा मेजवानीच्या प्रवेशात, मॅकबेथने ज्याचा खून करवला त्या बँकोचं भूत आणलंच नाही. खुर्ची रिकामी. मॅकबेथ त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून घाबरतो आणि बाकीचे पाहुणे त्याच्याकडे बघत राहतात. आपल्या मंडळाकडे काच नाही, पण खुर्च्या आहेत.

आता विनोदाकडे येतो. भुताच्या एकांकिकेत हसू कुठून येतं? रात्री आवाज झाला, म्हणून घरातला कर्ता पुरुष बायकोला सांगतो, "तू इथेच थांब, मी बघून येतो," आणि जागचा हलत नाही. हे वाक्य त्याने विनोद म्हणून म्हटलं तर कुणी हसत नाही. खरंच जायचं आहे, पाय उचलत नाहीत आणि बायकोला ते कळू द्यायचं नाही, या तिन्ही गोष्टी त्याच्या मनात एकदम चालू असल्या की पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हशा येतो. कारण ती धडपड आपली आहे. अंधारात माणसाचा मोठेपणा गळून पडतो. पद, पगार, वय, सगळंच. ते गळताना बघण्यात जे हसू आहे त्यात दुष्टपणा नाही. म्हणून मला हा नाट्यप्रकार कौटुंबिक वाटतो.

मी वेंगुर्ल्याकडचा. तिकडच्या माणसाला भय आणि विनोद वेगळे करायला कुणी शिकवलेलंच नसतं, कारण आम्ही दशावतार बघत मोठे होतो. दिवाळीनंतर जत्रा सुरू होतात, पालखी झाली की देवळासमोर रात्रभर नाटक. लिखित संहिता नाही. आख्यान ठरलेलं, संवाद नटांनी तिथल्या तिथे रचायचे. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. पेटी, मृदंग आणि झांज. आणि पूर्वरंगात संकासुर येतो. काळा वेश, तोंडावर काळा बुरखा, त्यातून लोंबणारी लांबलचक लाल जीभ. वेद पळवणारा हा राक्षस. लहान मुलं आईच्या पदराआड जातात. आणि मग तो तोंड उघडतो आणि अस्सल मालवणीत असं काही बोलतो की तीच मुलं पदरातून डोकं काढून खिदळायला लागतात. शेवटी विष्णू त्याला मारतो. रत्नागिरीकडे शिमग्यात हाच संकासुर पोरांच्या मागे धावतो आणि पोरं पळता पळता हसतात.

हे आपल्या लोकांनी कुठल्या शास्त्रात वाचून केलेलं नाही. रात्रभर माणसं जागी ठेवायची तर त्यांना एकाच भावनेत डांबून चालत नाही, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

युरोपात हेच पॅरिसच्या एका थिएटरने फार पद्धतशीरपणे केलं. पिगालमधल्या एका गल्लीच्या टोकाला जुनं चॅपेल होतं, तिथे 1897 मध्ये ओस्कार मेतेनिए यांनी 'ग्राँ गिन्योल' सुरू केलं. तीनशेहून कमी खुर्च्या. छताजवळ लाकडी देवदूत तसेच राहिले होते आणि त्यांच्याखाली खून, वेड, सूड यांची छोटी छोटी नाटकं चालायची. वर्षभरात मॅक्स मोरे यांनी ते हाती घेतलं. एका संध्याकाळी अनेक लघुनाट्यं, आणि त्यांचा क्रम मुद्दाम लावलेला: एक भयाचं, मग एक निव्वळ फार्स, मग पुन्हा भयाचं. त्यांच्यात याला गरम-गार पाण्याच्या शॉवरवरून पडलेलं नाव होतं. 1920 ते 1922 या काळात लंडनमध्येही, स्ट्रँडजवळच्या लिटल थिएटरमध्ये, होजे लेव्ही यांनी असे प्रयोग केले. त्यात सिबिल थॉर्नडाइक यांच्यासारखी मोठी अभिनेत्री होती. इथे मात्र नाटकाला लॉर्ड चेंबरलेनच्या, म्हणजे नाटकं तपासणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याच्या, कचेरीची परवानगी लागायची आणि ती अनेकदा मिळत नसे.

ग्राँ गिन्योलचं नाव निघालं की लोक रक्ताच्या युक्त्यांबद्दल बोलतात. मला त्या युक्त्या त्यांच्या कामातला कच्चा भाग वाटतात. शिकण्यासारखा आहे तो क्रम. पोटभर हसलेला माणूस सैल होतो, खुर्चीत मागे टेकतो, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलतो. त्या क्षणी दार वाजलं तर तो जितका दचकतो तितका सावध बसलेला असताना कधीच दचकत नाही. आणि दचकल्यानंतरचं हसू पहिल्यापेक्षा मोठं असतं, कारण त्यात सुटकेचा श्वास मिसळलेला असतो.

ते थिएटर 1962 मध्ये बंद पडलं. अखेरचे संचालक शार्ल नोनों यांनी त्याचं कारण दुसऱ्या महायुद्धात शोधलं होतं. युद्धाआधी लोकांना वाटायचं की मंचावर चाललंय ते अशक्य आहे. छळछावण्यांची माहिती बाहेर आल्यावर तसं वाटेनासं झालं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नाटकातल्या भीतीची मजा घेता येते, कारण आपण सुरक्षित असतो, शेजारी आपलं माणूस असतं आणि सभागृहाबाहेर गाडी उभी असते. म्हणून आपण निवड करताना जपलं पाहिजे. इथल्या एखाद्या कुटुंबाचं ताजं दुःख, आजारपण, अपघात, यांच्या जवळ जाणारं भूत आपल्या मंचावर नको.

आणि आपल्याला उसनी भुतं घ्यायची गरजही नाही. मराठी भुतांइतकी हौशी, हट्टी आणि नियमाने वागणारी भुतं मला दुसरीकडे फार आढळली नाहीत. मुंजा घ्या. मुंज झाली, पण सोडमुंजीच्या आधीच गेला. पिंपळावर बसलेल्या या पोराचं सगळं आयुष्य पुढे राहून गेलंय. समंधाचा जीव पुरलेल्या धनात. चकवा कुणाला मारत नाही, फक्त रात्रभर त्याच त्या शेतात फिरवतो. आमच्याकडचा देवचार तर गावचा राखणदार. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, आणि त्याचा मान वेळेवर दिला नाही तर रुसणारा. यातल्या प्रत्येकाला काहीतरी एक हवं आहे. आणि एकांकिकेला नेमकं तेवढंच लागतं: एक घर, एक रात्र आणि काहीतरी एक हवं असलेला पाहुणा.

छोटेपणाचा फायदा इथे कळतो. तीन अंकी नाटकात भुताचा पूर्वेतिहास सांगावा लागतो, पोलिसांना का बोलावलं नाही याचं उत्तर द्यावं लागतं, आणि समजावत गेलं की भीती पातळ होते. पस्तीस मिनिटांत कुणी हिशेब मागत नाही. मुंजाला रात्री बारापर्यंत कुणीतरी मंगलाष्टकं म्हणून दाखवायची आहेत, एवढी अट एकदा स्वच्छ सांगितली की प्रेक्षक ती मान्य करतात आणि घड्याळाकडे बघायला लागतात. शेवटी मात्र "हे सगळं भाच्याने केलेलं नाटक होतं" असा उलगडा करू नये, अशी माझी कळकळीची विनंती. करायचाच असेल तर एक तरी आवाज असा ठेवा जो भाच्यालाही माहीत नव्हता.

रत्नाकर मतकरी (1938–2020) यांचं उदाहरण मला इथे घ्यावंसं वाटतं. मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा त्यांनी लिहिल्या आणि मुलांसाठी 'अलबत्या गलबत्या'ही त्यांनीच लिहिलं. त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली, पुढच्या पिढीसाठी वैभव मांगले यांनी केली. मुलं तिला घाबरतात आणि ती कधी येते याची वाटही बघतात. एकाच लेखकाच्या हाती ही दोन्ही कामं होती यात मला आश्चर्य वाटत नाही, कारण दोन्हीकडे हुकूम चालतो तो थांबण्याचा. किती वेळ थांबायचं आणि केव्हा बोलायचं.

तेव्हा थोडं कामाचं बोलतो. हशा आला की तो चढू द्यावा, उतरायला लागला की पुढचं वाक्य घ्यावं. त्याच्यावर बोललं तर वाक्य जातं, तो पूर्ण विरेपर्यंत थांबलं तर प्रसंग थंड पडतो. भीतीच्या जागी उलट करावं, शांतता सोसवेल त्याहून थोडी जास्त ताणावी. दारावर दोन थापा पडल्या की प्रेक्षक मनात तिसरी मोजतात. ती तिसरी लवकर देऊ नका.

म्हणूनच मी लॅपटॉपवरच्या ध्वनिमुद्रित आवाजांच्या विरोधात आहे. मुद्रित आवाज हशासाठी थांबत नाही. विंगेत एक माणूस, समोर एक लाकडी फळी, लोखंडी कडी, पत्र्याचा तुकडा, आणि कान प्रेक्षकांकडे, एवढं असलं की नाटक जिवंत राहतं. अंधारावर फार विसंबू नका. आपल्याला मिळणाऱ्या शाळांच्या सभागृहांत बाहेर जाण्याच्या दारावरचा हिरवा दिवा नियमाने चालूच ठेवावा लागतो, त्यामुळे मिट्ट काळोख कधी होणारच नाही. धुराचं यंत्रही नको, आगीची घंटा वाजली तर सगळ्यांना बाहेर जावं लागेल. हनुवटीखाली टॉर्च धरलेलं पांढऱ्या साडीतलं भूत आता कुणालाच घाबरवत नाही. त्यापेक्षा रोजचं घर दाखवा, टेबलावर चहा, खुर्चीवर टाकलेला स्वेटर, आणि त्या घरात एकच गोष्ट जागच्या जागी नसू द्या.

नटांना एकच सांगणं आहे. प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावू नका, आपल्याच वाक्यावर हसू नका, फोनवर फिरणारे विनोद आयत्या वेळी घालू नका. त्या क्षणी तुम्ही त्या घरातून बाहेर पडता आणि तुमच्याबरोबर आम्हीही.

ज्येष्ठांच्या प्रश्नाचं आणखी एक उत्तर आहे, आणि मला ते सर्वात जवळचं आहे. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना शाब्दिक कोट्या पुष्कळदा कळत नाहीत. फार्स चालू असताना आजी हसते आणि नातू तिच्याकडे बघत राहतो. पण कपबशी हातात खडखडायला लागली की नातवाला भाषांतर लागत नाही. तो आजीइतक्याच वेळेवर दचकतो, आजीबरोबर हसतो, आणि घरी जाताना विचारतो, "मुंजा म्हणजे कोण?" ते सांगायला आजीलाच बसावं लागतं, आणि मराठीतच सांगावं लागतं.

तर मंडळी, तालमी पुढच्या रविवारी दुपारी दोनपासून आहेत. तिन्ही संहितांसाठी लेखकांची लेखी परवानगी आली आहे. पुढेही त्याशिवाय आपण प्रयोग करायचा नाही. विंगेत आवाज द्यायला दोन माणसं हवी आहेत, अनुभवाची अट नाही, कान चांगला हवा. आणि ज्यांच्या गावात अजून एखादा देवचार, समंध किंवा चकवा सांगितला जातो त्यांनी त्याची गोष्ट आपल्या बोलीत, आहे तशी लिहून द्यावी. पुढच्या वर्षीची एक एकांकिका आपण त्यातूनच नवी लिहून घेणार आहोत. जेवणाच्या वेळी मी डावीकडच्या टेबलापाशी आहे, वही घेऊन.