पोरगं ‘दृश्य’ आहे म्हणजे काय?

(अंबाजोगाईत एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी आणि समोर बसलेले माझे माजी विद्यार्थी, म्हणजे ज्यांना मधेच उठून जाता येत नाही असे सगळे. पत्रिकेत विषय छापलाय ‘अध्ययनशैली आणि आजचं मूल’. विषय संयोजकांचा आहे, राग माझा आहे. तो आज इथं काढायचा असं ठरवून आलोय, कारण घरी आता कुणी ऐकून घेत नाही.

पालकसभा असो, शिक्षकांचं प्रशिक्षण असो की क्लासची जाहिरात, एक वाक्य तुमच्या कानावरून शंभरदा गेलं असेल. प्रत्येक मुलाची शिकायची शैली वेगळी असते. कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी वाचून-लिहून, कुणी हातानं करून. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पुढचं वाक्य मात्र अंगावर येतं: मूल कोणत्या जातीचं आहे ते आधी ओळखा आणि मग त्याला त्याच पद्धतीनं शिकवा. जात ओळखून शिकवायचा उद्योग आपल्याकडं नवा नाही म्हणा. (हशा) हसताय, पण मी गमतीनं बोललो नाही.

आता रागाचं कारण सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. नोकरीच्या शेवटी शेवटी आम्हाला एका प्रशिक्षणाला बोलावलं. तालुक्याचं गाव, पत्र्याचं मंगल कार्यालय आणि मे महिना. मराठवाड्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. कूलर तीन होते, त्यातला चालू एक, आणि त्याच्या पुढ्यात केंद्रप्रमुख. प्रत्येकाच्या हातात एक प्रश्नावली दिली. पहिलाच प्रश्न, ‘अनोळखी गावी एखादं घर शोधायचं असेल तर तुम्ही काय कराल?’ नकाशा बघाल, कुणाला तरी विचाराल, पत्ता लिहून घ्याल, की सरळ चालत सुटाल? माझ्या शेजारी एक गुरुजी होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी चारही पर्याय खोडले आणि खाली लिहिलं, ‘पाव्हण्याला फोन करीन, तो स्टँडवर घ्यायला येईल.’ खरं उत्तर तेच होतं. गुण मिळाले नाहीत.

मग बिल्ले वाटले. दृश्यवाल्यांना निळा, श्राव्यवाल्यांना पिवळा, कृतिशील मंडळींना लाल. मला पिवळा. पलीकडं एक बाई होत्या, शाळेच्या भिंती रंगवून काढणाऱ्या, स्नेहसंमेलनाचा पडदा दरसाल त्यांच्याच हातचा. त्यांनाही पिवळा. त्या म्हणाल्या, “अहो, मला तर एका कानानं कमी ऐकू येतं.” प्रशिक्षक म्हणाले, “मॅडम, ही तुमची आंतरिक शैली आहे.” आणि त्यानंतर याच साहेबांनी पडद्यावरची एकेक स्लाइड जशीच्या तशी, स्वल्पविरामासकट, दोन तास वाचून दाखवली. निळे, पिवळे, लाल, सगळे एकाच शैलीत झोपले. जेवणाच्या रांगेत मात्र सगळे कृतिशील.

एवढ्यावर भागलं असतं तर मी विसरून गेलो असतो. जूनमध्ये शाळा उघडली आणि आमच्या एका उत्साही सहकाऱ्यानं तीच प्रश्नावली आठवीच्या वर्गाकडून भरून घेतली. वर्गात एक हुशार, जरा आळशी पोरगं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याला विचारलं, “कामून रे, धडा वाचून आला नाहीस?” ते शांतपणे म्हणालं, “सर, मी दृश्य हाय. मला वाचून येत नसतंय.” आता याला काय बोलणार? पोटात दुखतंय, म्हातारी आजारी आहे, लाइट नव्हती, असली कारणं पोरांना निदान स्वतः शोधावी लागत होती. हे कारण आम्हीच त्याला सही-शिक्क्यानिशी दिलं होतं. त्याच वर्गातल्या एका ‘श्राव्य’ मुलीनं चाचणीत विद्युत परिपथाची आकृतीच काढली नाही. सेल, कळ, दिवा, तारा यांचं वर्णन मात्र दीड पान. वाचून मला स्वतःला तो दिवा लावता आला नसता.

आणि हे फुकटातलं. पैसे देऊन करायचे प्रकार वेगळेच. लातूर पॅटर्नच्या नावावर आपल्याकडं काय काय विकलं जातं ते तुम्ही बघताच. माझ्या नात्यातल्या एका घरी पोराच्या दहा बोटांचे ठसे घेऊन शैली सांगणारा माणूस आला होता. रंगीत छापलेली मोठी फाइल देऊन गेला. ज्योतिषी निदान जन्मवेळ तरी विचारतो. असो. हे वाढवलं तर अध्यक्षांना घड्याळ बघावं लागेल. बघायलेतच ते.

माझं म्हणणं एवढंच आहे की चित्र हवं की अक्षर, हे मुलाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, ते विषयाच्या पोटात असतं. याचा पुरावा आणायला मला परदेशी जायची गरज नाही, तुमच्या गावात आहे. संतकवी दासोपंतांची पासोडी, म्हणजे त्यांनी लिहून-चितारून काढलेलं लांबलचक कापड. (टाळ्या) टाळ्या दासोपंतांना, ठीक. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतेवर ‘गीतार्णव’ लिहिला, सव्वा लाख ओव्यांचा. शब्दांची टंचाई असलेला माणूस नव्हे. पण पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतं एकमेकांत कशी मिसळतात ते, समजावून सांगायची वेळ आली तेव्हा याच माणसानं सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड घेतलं आणि त्यावर ओव्यांच्या जोडीला आकृत्या मांडल्या. का? अंबाजोगाईचे लोक तेव्हा ‘दृश्य’ झाले होते आणि गीतार्णवाच्या वेळी ‘श्राव्य’ होते, असं आहे का?

पंचीकरण मी आता तोंडी सांगतो, बघा. पाच महाभूतं. प्रत्येकाचे दोन समान भाग करायचे. एक अर्धा त्यानं स्वतःजवळ ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार भाग करून उरलेल्या चौघांना एकेक द्यायचा. म्हणजे शेवटी प्रत्येकात अर्धं स्वतःचं आणि बाकीच्या चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा. कळलं? मागच्या रांगेतून कुणी मान हलवत नाहीये. आता मनातल्या मनात पाच आडव्या आणि पाच उभ्या ओळींचा तक्ता काढा. आडवं आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी, उभंही तेच. तिरक्या रेषेवरच्या पाच घरांत अर्धा, बाकीच्या वीस घरांत अष्टमांश. झालं! कोण कुणाला किती देतो हा नात्यांचा मामला आहे, तो एका नजरेत दिसावा लागतो. आणि अर्जुनाला लढायचं की नाही, हा प्रश्न कोष्टकात बसत नाही, त्याला ओवीच लागते. लिहिणारा एक, ऐकणारे तेच, मांडणी बदलली ती विषयामुळं. अजिंठ्याबद्दलही असंच बोलता येईल, पण त्याला हात घातला तर रात्र होईल.

पोथीतलं उदाहरण नको असेल तर शेतातलं घ्या. सोयाबीन पेरायच्या आधी घरच्या बियाण्याची उगवण तपासतात. गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजायचे. ७० किंवा त्याहून जास्त निघाले तर हेक्टरी ७५ किलो बियाणं पुरे, कमी निघाले तर त्या मानानं वाढवायचं. माझा चुलतभाऊ दरवर्षी हे करतो. त्याला ७० आणि ७५ हे आकडे लिहूनच लागतात, ते त्यानं गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलेत. चांगला कोंब कुठला आणि खुरटलेला, वाकडा कुठला, हे त्याला चित्रातून कळलं, शब्दांत सांगून कधीच कळलं नसतं. आणि गोणपाट किती ओलं? पिळल्यावर पाणी टपकलं नाही पाहिजे, पण हाताला गार लागलं पाहिजे. हे ना चित्रात दिसतं ना पुस्तकात, तिथं हातच घालावा लागतो. आता सांगा, माझ्या चुलतभावाला कोणत्या रंगाचा बिल्ला देता?

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे’ लिहून ती खोडून ‘पाच’ केलंय. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही आलात ते संशोधन आता पळत सांगतो.

बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे, करणारे ही चौकट मांडली न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी, १९८७ साली. गृहस्थ आधी शाळा तपासणारे होते, आपल्या जुन्या भाषेत दिपोटी. दिपोटीनं काही चांगलं केलं म्हटल्यावर मास्तरांनी आधीच सावध व्हायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर त्यांची चौकट आवड सांगते, आणि आवड असायला काहीच हरकत नाही. मला भजी आवडतात, डॉक्टर ज्वारीची भाकरी सांगतात, दोन्ही खरं आहे. अशा शैली सांगणाऱ्या चौकटी तरी किती असाव्यात? २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजल्या, ७१ निघाल्या. मग २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला: दृश्यवाल्यांना चित्रानं आणि शब्दवाल्यांना शब्दानं शिकवलं तर त्यांना खरंच जास्त येतं का? हे तपासायचं तर दोन्ही गटांतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत वाटलं पाहिजे आणि शेवटी सगळ्यांची परीक्षा एकच घेतली पाहिजे. असे अभ्यास त्यांना जेमतेम सापडले, आणि जे नीट केलेले होते त्यातले बरेच या कल्पनेच्या विरोधात गेले. २०१५ मध्ये अमेरिकेत बेथ रोगोव्स्की आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांना एकच मजकूर कुणाला ऐकवला, कुणाला वाचायला दिला. शैली जुळली म्हणून जास्त समजलं, असं काही निघालं नाही. आणि हा समज फक्त आपल्याकडचा नाही बरं. २०१२ मधल्या एका पाहणीत ब्रिटनचे ९३ टक्के आणि नेदरलँड्सचे ९६ टक्के शिक्षक हेच खरं मानत होते. आपल्या केंद्रप्रमुखांना एकट्याला दोष देऊ नका.

मग करायचं काय? एक, चित्र आणि शब्द एकमेकांशेजारी ठेवा. आकृती एका पानावर आणि तिचं स्पष्टीकरण पान उलटून, असं करू नका. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचे याच विषयावर अनेक प्रयोग आहेत. स्लाइडवरचं वाक्य न् वाक्य वाचून दाखवू नये, हेही त्यांच्याच प्रयोगांतून निघालेलं आहे. त्या मंगल कार्यालयात हे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दोन, पुस्तक मिटवून आठवायला लावा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये उतारा पुन्हा वाचणारे आणि मिटवून आठवणारे यांची तुलना केली. पाच मिनिटांनी वाचणारे पुढं होते. आठवड्यानं आठवणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के राहिलं, वाचणाऱ्यांच्या ४२. आपला तो ‘दृश्य’ पोरगा असो की ‘श्राव्य’ पोरगी, पुस्तक मिटवून परिपथ काढायचा आणि दिवा का लागतो ते खाली तीन ओळींत लिहायचं. दोघांनीही दोन्ही.

अजून एक मिनिट, हे राहून चालणार नाही. ज्याला दिसत नाही त्याला ब्रेल, ज्याला ऐकू येत नाही त्याला खुणांची भाषा, ज्याची अक्षरं खरोखर उलटसुलट होतात त्याला वेगळी मदत आणि जास्त वेळ, ही शैली नव्हे, गरज आहे, आणि तिथं हात आखडता घेऊ नका. आमच्याकडं बिल्ले वाटण्यात जो दिवस गेला त्या दिवसात अख्ख्या शाळेचे डोळे तपासून झाले असते. मागच्या बाकावरच्या पोराच्या नावापुढं ‘श्राव्य’ लिहायच्या आधी त्याला फळा दिसतो का, एवढं विचारा.

अध्यक्ष उभे राहिलेत. मी बसतो.