कूस वळवून उठायचं

(पहाट. खोलीत अंधुक उजेड. पलंगावर साठीच्या काकू.)

साडेपाच वाजलेत. काकूंना जाग आलीय. आयुष्यभराची सवय अशी, की डोळे उघडले की मान उचलायची आणि ताडकन उठून कामाला लागायचं. आज त्या तसं करत नाहीत. आधी दोन्ही गुडघे मुडपतात. मग खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम, ओंडका लोळवावा तसं कुशीवर वळवतात. पाय पलंगाखाली सोडतात. खालच्या हाताचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीवर रेटून हळूच बसतात. थोडं थांबतात. चक्कर येत नाही ना, हे बघतात आणि मगच उभ्या राहतात.

मानेच्या ऑपरेशननंतर पहिला व्यायाम कोणता, असं विचाराल तर आम्ही हाच दाखवू. दिवसातून दहा वेळा तो आपोआप होतो, आणि चुकला तर दहा वेळा चुकतो.

(मणक्यांची प्रतिकृती.)

मानेत 7 मणके असतात. काकूंच्या पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी मागे सरकून मज्जारज्जूवर दाब देत होती. हाताला मुंग्या यायच्या, चालताना तोल जायचा, ब्लाउजचे हुक लागेनासे झाले. घरचे म्हणत, वय झालं. डॉक्टरांनी गळ्याच्या पुढच्या बाजूनं छेद घेऊन ती गादी काढली, तिथं आधार बसवला आणि वर प्लेट-स्क्रू लावले.

स्क्रू लागले म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण स्क्रू मणक्यांना नुसते धरून ठेवतात. खरा जोड हाडाचा, आणि तो धरायला 3 ते 6 महिने लागतात, कधी वर्षही. निकोटीन त्या जोडाच्या मुळावरच येतं. विडी-सिगारेटचं सगळ्यांना ठाऊक असतं, पण बायकांना मिसरीचं कुणी विचारतच नाही. कुणी विचारो न विचारो, तुम्ही डॉक्टरांना सांगा. आणि सोडा.

(स्वयंपाकघर. सून वाटीत पेज ओततेय.)

ऑपरेशन करताना अन्ननलिका बाजूला सारावी लागते. म्हणून सुरुवातीला घास अडकल्यासारखा वाटतो, आवाज बसतो. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत निवळतं. तोवर पेज, मऊ भात, छोटे घास, आणि जेवताना ताठ बसणं. पण गळ्याची सूज वाढत असेल, श्वास लागत असेल, तर सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. हातापायांतली ताकद कमी होऊ लागली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आला, जखमेतून पाणी आलं, तरीही तेच.

(अंगण. काकू चालताहेत, पायात मागे पट्टा असलेली चप्पल.)

चालणं मात्र पहिल्या दिवसांपासून. आधी घरातल्या घरात पाच मिनिटं, मग अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत. दमायच्या आत परत फिरायचं.

जिथं घसरायला होतं ती जागा न्हाणीघर. मान खाली घालून केसांवर तांब्या ओतायचा नाही. स्टुलावर ताठ बसून दुसऱ्याकडून केस धुवून घ्यायचे. 15 लिटरची भरलेली बादली म्हणजे 15 किलो वजन, ती घरातल्या इतरांनी उचलायची. पुरुषमंडळींना तर हात जोडून विनंती: केस कापून झाल्यावर खुर्चीत मान कडकन मोडून घेता ना, ते आता कायमचं बंद. दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांतून जाणंही डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

कॉलर काहींना देतात, काहींना देत नाहीत. शेजारच्यांना दिली म्हणून आपण बाजारातून आणायची नाही.

(फिजिओथेरपीची खोली. सहावा आठवडा.)

एक्स-रे बघून डॉक्टरांनी पुढच्या व्यायामांना परवानगी दिलीय. फिजिओथेरपिस्ट सांगते, "काकू, कपाळावर तळहात ठेवा. आता कपाळानं हात ढकला आणि हातानं कपाळ. मान जागची हलायला नको. श्वास रोखू नका." 5 सेकंद. मग सैल. मग कानाच्या वरच्या बाजूला, मग डोक्यामागे. नंतर पाठीची दोन्ही पाती एकमेकींजवळ आणायची, जणू मध्ये पेन्सिल धरलीय.

काकूंच्या चेहऱ्यावर भीती दिसतेय. मान कायमची आखडणार, असं त्यांना कुणीतरी सांगितलंय. फिजिओथेरपिस्ट प्रतिकृतीवर बोट ठेवते. मान डावीउजवीकडे वळते त्यातलं जवळजवळ निम्मं वळणं सगळ्यात वरच्या दोन मणक्यांत होतं, आणि ते दोन्ही काकूंचे शाबूत आहेत. खालचा एक सांधा जुळला तरी हाक आली तर वळून बघता येईल.

हातांचं मात्र तसं ठाम सांगता येत नाही. दाब काढल्यानं बिघाड थांबतो. गेलेली ताकद हळूहळू येते, कधी पूर्ण, कधी अर्धी, आणि त्याला महिने लागतात. म्हणून रोज एक मोजणी. 10 सेकंदांत मूठ पूर्ण मिटायची, पूर्ण उघडायची. निरोगी माणसाच्या 20 तरी होतात.

(काकूंचा उजवा हात, अगदी जवळून. करंगळी थोडी मागे राहतेय. सून घड्याळ धरून मोजतेय.)

"...चौदा, पंधरा, सोळा. झालं, आई."

ऑपरेशनच्या आधी अकरा व्हायच्या.