हुंडी : एक शब्द, एक कागद

श्रोतेहो, नमस्कार.

हुंडी म्हटले की आज अनेकांना देवळातली दानपेटी आठवते. परंतु ज्या काळी घाटवाटांनी रोकड नेणे जिवावरचे होते, त्या काळी नाशिकला गोदास्नानासाठी निघालेला यात्रेकरू आपल्या गावच्या सावकाराकडे रुपये भरी आणि येथल्या पेढीच्या नावे त्याने लिहून दिलेला कागद तेवढा कनवटीला लावून येई. तो कागद म्हणजे हुंडी. गुजराती संतकवी नरसी मेहतांनी द्वारकेच्या यात्रेकरूंना सावळशा शेठवर, म्हणजे साक्षात श्रीकृष्णावर, हुंडी लिहून दिल्याची कथा याच रिवाजावर उभी आहे.

संस्कृत धातुपाठात ‘हुण्ड्’ हा धातू गोळा होणे या अर्थाने येतो, म्हणून हुंडीचे मूळ त्यात शोधतात. मला ते ओढूनताणून वाटते. कल्हणाच्या बाराव्या शतकातील ‘राजतरंगिणी’ या काश्मीरच्या इतिहासग्रंथात सैनिकांना द्यावयाच्या पैशाच्या संदर्भात ‘हुंडिका’ शब्द आढळतो, हा धागा अधिक पक्का. त्याहून बोलका पुरावा मराठीतच आहे. हुंडीच्या व्यवहारावरील आकार ती हुंडणावळ, आणि हाच शब्द पुढे परकीय चलनाच्या दरालाही लागला. तर वाटेतली जकात व जोखीम अंगावर घेऊन ठरीव रकमेत माल पोचवणारा तो हुंडेकरी. दोहोंत वाटेची जोखीम मोल घेऊन दुसऱ्याने पत्करलेली आहे.

दाखवताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहाच्या, म्हणजे सावकाराच्याच, हाती पडत, त्यामुळे चोराला ती निरुपयोगी ठरे. जोखमी हुंडी माल सुखरूप पोचला तरच वटे, म्हणजे विमाही त्याच कागदात आला. खाडाखोड होऊ नये म्हणून हजार रुपये लिहिल्यावर ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असेही लिहीत.

धनादेश, वचनचिठ्ठी यांसारख्या कागदांसाठीच्या 1881 च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्यानेही देशी भाषांतील अशा कागदांबाबतचे स्थानिक रिवाज अबाधित ठेवले. मुदती हुंडीला मात्र मुद्रांक लागे, आणि मुद्रांक छापणारी सिक्युरिटी प्रेस 1925 पासून आपल्या नाशिकरोडलाच आहे.

हुंडी हरवली तर तिची पैठ, म्हणजे दुसरी प्रत, देत, तीही हरवली तर परपैठ, म्हणजे तिसरी; आणि पैसे चुकते झाले की त्या कागदाला खोखा म्हणत.