द्राक्षाच्या पेटीचा माग

मित्रहो, फवारणी कशी करावी हे नाशिकच्या बागायतदारांना मी सांगण्याची गरज नाही; मी बोलणार आहे ते फवारणीनंतर वहीत जे लिहायचे राहून जाते त्याविषयी.

२०११ च्या मे महिन्यात जर्मनीत ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. आरंभी स्पेनच्या काकडीवर संशय घेतला गेला. तो खोटा ठरेपर्यंत तिथल्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला होता. अखेर दोष निघाला मोड आलेल्या मेथीचा, आणि ते बियाणे इजिप्तहून आले होते. लक्षात घेण्याजोगे हे, की तपासलेल्या बियांत तो जंतू सापडलाच नाही. जर्मनीतील आणि फ्रान्समधील रुग्णांना जोडणारा धागा मिळाला तो खरेदी-विक्रीच्या कागदांतून. माल कुणाकडून घेतला आणि कुणाला दिला, एवढे प्रत्येक व्यापाऱ्याला दाखवता आले पाहिजे, असा युरोपचा नियम २००५ पासून लागू आहे. त्याच नियमाने निरपराध शेतकरीही सुटतो.

आपल्याकडे 'अपेडा'ने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केले. त्यात निर्यातीच्या प्लॉटची नोंदणी होते, फळात उरलेल्या औषधांच्या अंशांची तपासणी त्या प्लॉटच्या नावाने होते आणि युरोपातल्या पेटीवरून निफाड-दिंडोरीतल्या बागेपर्यंत मागे येता येते. तरीही २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराईडच्या, म्हणजे वेलीची वाढ आवरणाऱ्या आपल्या सीसीसीच्या, अंशांमुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. माग काढण्याची व्यवस्था औषधाचा अंश कमी करत नाही. तो कुठून आला, एवढेच ती दाखवते, आणि तेही बागेतली नोंद खरी असेल तरच. आठवड्याने आठवून भरलेल्या वहीत फवारणीची तारीख दोन दिवस जरी सरकली, तरी काढणीपूर्व कालावधीचा, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायच्या दिवसांचा, सगळा हिशेब चुकतो.

बागेपेक्षाही मला पॅकहाऊसची, म्हणजे माल पेट्यांत भरला जातो त्या जागेची, चिंता अधिक वाटते. दोन बागायतदारांचे क्रेट एका टेबलावर रिकामे झाले आणि चिठ्ठी एकाचीच उरली, की धागा तिथेच तुटतो; मग दोष एका प्लॉटचा असला तरी परत बोलवावा लागतो संपूर्ण लॉट.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. २००६ चा आपला अन्नसुरक्षा कायदा शेतकऱ्याला आणि शेतावरच्या मालाला लागू होत नाही, त्यामुळे देशात विकल्या जाणाऱ्या द्राक्षांच्या सक्तीच्या नोंदी व्यापाऱ्यापासून पुढे सुरू होतात. परदेशातल्या गिऱ्हाइकाला प्लॉटपर्यंत पोचता येते, आणि रविवार कारंजावर अर्धा किलो द्राक्षे घेणाऱ्या आईला ती कुठल्या गावची, हेही कळत नाही. कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण मला दिसत नाही. गट नंबर, शेवटच्या फवारणीचे औषध व तारीख आणि काढणीचा दिवस, एवढ्या नोंदींची चिठ्ठी बाजार समितीत जाणाऱ्या क्रेटलाही याच हंगामापासून लावता येईल.