सर्व, काही आणि एकही नाही

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याचा कर्जाचा अर्ज गेल्या पावसाळ्यात एका पतसंस्थेकडून परत आला. अर्जाच्या कोपऱ्यात लाल शाईने शेरा मारला होता : 'सर्व कागदपत्रे जोडलेली नाहीत.' आपला एकही कागद पोहोचला नाही, असा आत्याने त्याचा अर्थ घेतला आणि रेशनकार्ड, आधारकार्ड, जमिनीचा उतारा या सगळ्यांच्या झेरॉक्स पुन्हा काढून ती भर पावसात संस्थेत गेली. तिथे कळले की जामीनदाराच्या सहीचा तेवढा एक कागद राहिला होता. शेरा लिहिणाऱ्याचे मराठी चुकले नव्हते, आणि आत्याचे वाचनही चुकले नव्हते. त्या वाक्याचे खरोखरच दोन अर्थ होतात.

'सर्व', 'काही', 'प्रत्येक', 'एकही' अशा शब्दांना तर्कशास्त्रात संख्यापक म्हणतात. संख्यापक आणि नकार एका वाक्यात आले की कोणाचा अंमल कोणावर चालतो हे ठरवावे लागते. 'सर्व जोडली आहेत असे नाही' हा एक अर्थ, आणि 'जोडलेली नाहीत, आणि हे सर्वांनाच लागू आहे' हा दुसरा. मराठीत 'नाही' वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे शब्दांच्या जागेवरून हा अंमल ओळखता येत नाही. बोलताना आपण 'सर्व'वर जोर देऊन तो दाखवतो, पण कागदावर तो जोर उमटत नाही. 'एकही कागद जोडलेला नाही' किंवा 'काही कागद जोडायचे राहिले आहेत' असे लिहिले असते, तर आत्याची एक फेरी वाचली असती.

आपल्या सीमाभागात घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्यांना या शब्दांची घडण फार जवळून पाहता येते. मराठीत 'मी'चे 'मीही' होते आणि 'कोणी'चे 'कोणीही'. कन्नडमध्ये 'नानु'चे 'नानू' होते आणि 'यारु'चे 'यारू'. 'कोणीही आले नाही' हे कन्नडमध्ये 'यारू बरलिल्ल' असे होते. मराठी आर्य कुळातली आणि कन्नड द्राविड कुळातली, तरीही 'सुद्धा' या अर्थाचा प्रत्यय प्रश्नार्थक किंवा अनिश्चित सर्वनामाला जोडून संख्यापक घडवण्याची युक्ती दोघींनी वापरली आहे. मला ही गोष्ट कोणत्याही सूत्राइतकी सुंदर वाटते.

ॲरिस्टॉटलने 'सर्व' आणि 'काही' यांचे शास्त्र रचले, पण त्याच्या विधानात एका वेळी एकच संख्यापक मावत असे. 'प्रत्येक गावाला एक बस जाते' या वाक्यात दोन आहेत. प्रत्येक गावाची बस वेगळी, की एकच बस सगळी गावे घेत जाते? दोन संख्यापकांचा क्रम बदलला की अर्थ बदलतो, आणि हा क्रम काटेकोरपणे लिहिण्याची पद्धत जर्मन गणिती गोटलोब फ्रेग यांनी १८७९ मध्ये मांडली. तिची गरज गणितालाच भासत होती. फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ मध्ये असे म्हटले होते की संतत, म्हणजे आलेखात कुठेही खंड न पडणाऱ्या, फलांच्या अभिसारी श्रेणीची, म्हणजे जिची बेरीज ठरावीक किमतीकडे जाते अशा श्रेणीची, बेरीजही संतत असते. १८२६ मध्ये नॉर्वेचे गणिती आबेल यांनी त्याला अपवाद दाखवला. चूक कुठे होती ते नंतर उलगडले : 'प्रत्येक बिंदूसाठी एखादी संख्या असते' आणि 'सर्व बिंदूंना पुरणारी एकच संख्या असते' ही दोन विधाने एकच मानली गेली होती. बसच्या वाक्यातला घोळ हाच आहे.

संगणकाला मात्र संदिग्ध वाक्य चालत नाही. १९७० मध्ये संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी माहितीसाठ्याची जी तर्काधिष्ठित मांडणी केली, तिच्यावर उभ्या राहिलेल्या एसक्यूएल या, माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या, भाषेत 'असा कोणी आहे का' हे विचारायला शब्द आहे. 'सर्वांसाठी' असे विचारायला मात्र त्याच्या जोडीचा सरळ शब्द नाही. सर्व विषयांत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी हवे असतील, तर बहुधा असे विचारावे लागते : ज्यात हा उत्तीर्ण नाही असा एकही विषय नाही, असे विद्यार्थी दाखव. बेळगावात अभियांत्रिकी शिकणारी मुले या दुहेरी नकारापाशी अडखळतात, पण 'जिथे देऊळ नाही असे एकही गाव नाही' हे वाक्य त्यांच्या आजीच्या तोंडी सहज येते. तेच वाक्य आधी मराठीत म्हणून पाहिले की मग प्रश्न लिहिणे सोपे जाते, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक. गोठ्यात एकही म्हैस नसेल, तर 'गोठ्यातल्या सर्व म्हशींना लस टोचली' हे विधान खरे की खोटे? आधुनिक तर्कशास्त्र त्याला खरे मानते, कारण लस न टोचलेली एकही म्हैस तिथे दाखवता येत नाही. पायथॉन या संगणकभाषेत रिकाम्या यादीविषयी 'सर्व' विचारले तर उत्तर होकारार्थी येते आणि 'कोणी' विचारले तर नकारार्थी. म्हणूनच यादी रिकामी तर नाही ना, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने आधी तपासायचे असते.

'बहुतेक' हा शब्द तर याहून अवघड आहे. 'सर्व' आणि 'काही' यांची कितीही जुळवाजुळव केली तरी 'निम्म्याहून अधिक' हा अर्थ त्यांतून घडवता येत नाही, हे तर्कशास्त्रज्ञ बारवाइज आणि भाषाशास्त्रज्ञ कूपर यांनी १९८१ च्या लेखात दाखवले. मराठीत त्याला आणखी एक पदर आहे. लग्नाच्या आदल्या रात्री मुलीच्या वडिलांनी आचाऱ्याला 'बहुतेक पाहुणे येतील' असे सांगितले, तर बोलावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक येतील, की सगळेच येण्याचा संभव आहे? भाताचे आधण ठेवण्यापूर्वी आचाऱ्याला ते पुन्हा विचारावे लागते.