चावीचा कोड मालकाच्या हाती हवा

मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर विषय ‘इंजिनाचा संगणक बदलण्याची योग्य रीत’ असा छापला आहे आणि ती रीत मी सांगणारच आहे. मात्र समोर बसलेले बहुतेक जण रोज बॉनेट उघडणारे आहेत. त्यामुळे हा संगणक, म्हणजे ईसीएम, काय असतो इथपासून सुरुवात न करता, त्या कामाच्या आड येणाऱ्या गोष्टीबद्दल आधी बोलतो. गाडी ज्याची, त्याच्याजवळ तिच्या इमोबिलायझरचा, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, कोड असलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि ते पक्के झाले २०१९ च्या महापुरानंतर.

त्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आणि कृष्णेचे पाणी उतरल्यावर आपल्या सगळ्यांच्या गॅरेजांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. सीट, कार्पेट, स्टार्टर ही कामे आपल्या अंगवळणी पडलेली होती; घोडे अडले ते ईसीएमपाशी. शिरोळ तालुक्यातील एका शिक्षकांची १.३ लिटर डिझेल इंजिनाची गाडी त्यांतलीच. एका अधिकृत सेवा केंद्राने तिला नवा ईसीएम बसवला, त्याचे पूर्ण पैसे घेतले, आणि तरीही सेल्फ मारला की इंजिन नुसते फिरत राहायचे, पकडायचे नाही. समोर मीटरच्या क्लस्टरवर चावीचा दिवा लुकलुकत असायचा. नव्या ईसीएमची चावीशी ओळख करून देण्यासाठी लागणारा कोड वरून मागवला आहे, असे त्यांना सांगण्यात आले. आठवडे उलटले, कोड काही आला नाही. गुरुजी शनिवारी सकाळची शाळा आटोपून एसटीने कोल्हापूरला यायचे, आरसी, विम्याची पॉलिसी आणि दोन्ही चाव्या टेबलावर मांडायचे, आणि ‘मेल केला आहे’ एवढे ऐकून परत जायचे. गाडी त्यांची, कर्जाचे हप्ते त्यांचे, आणि ती सुरू करण्याची परवानगी मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकात पडून राहिलेली, हा प्रकार मला आजही अस्वस्थ करतो.

शेवटी त्यांनी गाडी टो करून माझ्याकडे आणली. जुना ईसीएम त्यांनी भंगारात न टाकता डिकीत जपून ठेवला होता, हे फार चांगले झाले. झाकण उघडले तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला होता, आतल्या कोपऱ्यात गाळाची रेघ होती आणि वीजपुरवठ्याच्या भागातले तांब्याचे मार्ग पार खाल्ले गेले होते. पण आठ पायांची ती इवलीशी ईईप्रॉम चिप, म्हणजे वीज गेली तरी माहिती जपणारी चिप, शाबूत होती. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन वाळवला, चिप उतरवून प्रोग्रामर या यंत्रावर वाचली, पुन्हा एकदा वाचून दोन्ही फायली तंतोतंत जुळल्याची खात्री केली आणि तो डेटा नव्या ईसीएमच्या चिपमध्ये उतरवला. इंजिन पहिल्याच सेल्फला सुरू झाले. जी माहिती त्या चिपमध्ये सापडली, तीच गाडी विकताना एका कागदावर लिहून दिली असती, तर त्या माणसाचे एवढे हेलपाटे वाचले असते.

इमोबिलायझरला माझा विरोध नाही. जर्मनीत १९९५ पासून नव्या गाड्यांत तो बसू लागला, १९९८ पासून युरोपीय संघाने तो नव्या मोटारींना सक्तीचा केला, आणि मोटारचोऱ्यांना त्याने मोठा आळा घातला. चावीतल्या चिपला बॅटरी नसते. इग्निशन लॉकभोवतीच्या अँटेनाकडून तिला ऊर्जा मिळते, ती आपली ओळख पटवते, आणि ती ओळख मान्य झाली तरच ईसीएम इंधन सोडणारा इंजेक्टर उघडतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल इंजिनाला इंधन बंद-चालू करणाऱ्या स्टॉप सोलेनॉइडवर थेट बॅटरीची तार दिली की काम भागायचे. कॉमन रेल या नव्या डिझेल पद्धतीत पहारेकरी आणि इंजेक्टर उघडणारा एकच असल्यामुळे ती वाट बंद झाली, आणि ते योग्यच झाले. परंतु आपण घराला कुलूप घेतो तेव्हा दुकानदार किल्ल्या स्वतःकडे ठेवून घेत नाही. फियाट आपल्या गाड्यांबरोबर ग्राहकाला कोड कार्ड देत असे, म्हणजे हे अशक्य मुळीच नाही. कोड दिला तर चोरांचे फावेल, हा युक्तिवादही टिकत नाही. मेगामॉस क्रिप्टो या चावीतल्या चिपमधील दोष दाखवणारा शोधनिबंध २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाच्या मनाईमुळे अडला, २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मधल्या दोन वर्षांत माहिती दडवली तरी दोष जिथल्या तिथेच होता. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांपासून रोखल्याबद्दलच होता. कंपन्या अपिलात गेल्या, आणि आपण अजून मेलच्या उत्तराची वाट पाहतो.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा रीत आता भराभर सांगतो. ईसीएम बदलण्याआधी त्याचा वीजपुरवठा, अर्थिंग आणि फ्यूज तपासा. ‘ईसीएम गेला’ म्हणून आलेल्या कित्येक गाड्यांत दोष हार्नेसमध्येच, म्हणजे तारांच्या जुडग्यातच, निघतो. जुन्याचा डेटा आधी वाचून जपून ठेवा, कारण त्यात चावीची ओळख, चॅसिस नंबर आणि अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरचा कोडही असतो. नवा ईसीएम घेताना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्हींचे नंबर जुळवा. काही गाड्यांत कोरा ईसीएम पहिल्या ओळखीनंतर त्याच गाडीशी कायमचा बांधला जातो, म्हणून ‘लावून तर बघू’ हा प्रयोग करू नका. वापरलेला घ्यायचाच असेल, तर त्याच गाडीचे इमोबिलायझर युनिट आणि चावी यांसह पूर्ण संच घ्या, नाहीतर डेटा उतरवण्याची तयारी ठेवा. जेलमध्ये बुडवलेल्या बोर्डाला मात्र हात घालू नका. त्यातल्या केसाहून बारीक तारा जेल काढतानाच तुटतात.

आणि आपण मालकाच्या हक्काची भाषा करतो, म्हणून मालक कोण हे तपासण्याची जबाबदारीही आपलीच आहे. आरसी आणि ओळखपत्र पाहिल्याशिवाय, आणि चॅसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवर जुळवल्याशिवाय कोणाचाही डेटा उतरवू नका. त्याची नोंद रजिस्टरमध्ये मालकाच्या सहीनिशी ठेवा, आणि वाचलेला कोड त्याच दिवशी कागदावर लिहून बिलाबरोबर मालकाच्या हाती द्या.